मेलेलं बदक कोणी उचलायचं?

वसाहतीतल्या तळ्याकाठी दोन-तीन रानबदकं मरून पडलेली दिसली, चौथं मान वाकडी करून पाण्यात गोल गोल फिरताना दिसलं, की रहिवाशांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, ‘आपल्याला धोका आहे का?’ दुसरा, ‘मुलांना खाली पाठवायचं की नाही?’ फोटो फिरतात. कुणाला २०२० सालची टाळेबंदी आठवते, कुणी ‘उगाच घबराट पसरवू नका’ म्हणून दटावतं. या गदारोळात एक निर्णय मात्र कसलीही चर्चा न होता झालेला असतो. सचिवांनी माळ्याला फोन करून सांगितलेलं असतं, ‘ते जरा उचलून टाक.’

माझ्या मते पाणपक्ष्यांमध्ये बर्ड फ्लूचा संशय आला की वसाहतीपुढचा सगळ्यात मोठा निर्णय हाच असतो, आणि नेमका तोच निर्णय म्हणून घेतला जात नाही. मेलेला पक्षी कोण उचलणार, काय घालून उचलणार आणि उचलल्यानंतर त्या माणसाकडे कोण लक्ष ठेवणार, ही तीन उत्तरं नीट दिली की बाकीच्या निम्म्या वादांची गरजच उरत नाही.

या रोगाचा माणसाला असलेला धोका सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. १९९७ साली हाँगकाँगमध्ये बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू पक्ष्यांतून माणसात आल्याचं पहिल्यांदा दिसलं. अठरा जणांना लागण झाली, सहा जण दगावले. २००३ पासून आजपर्यंत जगभरात नऊशेहून अधिक माणसांना या विषाणूची लागण झाल्याची नोंद आहे आणि त्यांतली जवळपास निम्मी वाचली नाहीत. हा आकडा वाचून पोटात गोळा येतो, यावाही. पण ही माणसं कोण होती ते पाहिलं, तर भीतीची जागा बदलते. आजारी कोंबड्या-बदकं कापणारी, सोलणारी, जिवंत पक्ष्यांच्या बाजारात वावरणारी, मेलेल्या पक्ष्यांची विल्हेवाट लावणारी माणसं यात सर्वाधिक आहेत. तळ्याच्या पलीकडच्या वाटेवरून फिरायला गेलेला माणूस या यादीत शोधूनही सापडणं कठीण.

याचं कारण विषाणूच्या स्वभावात आहे. पक्ष्यांचा हा विषाणू पेशीवरच्या ज्या खुंट्यांना धरून आत शिरतो, त्या माणसाच्या नाका-घशात फार कमी असतात. फुप्फुसात खोलवर आणि डोळ्यांच्या पापण्यांच्या आतल्या पडद्यावर मात्र असतात. त्यामुळे सहज जाता-येता तो पकडत नाही. विष्ठा, लाळ, पिसांवरचा मळ हाताला लागला, तोच हात डोळ्याला गेला, किंवा वाळलेली घाण धूळ होऊन श्वासातून भरपूर आत गेली, तर पकडू शकतो. थोडक्यात, ज्याचा हात पक्ष्याला लागतो त्याचा धोका वेगळा आणि जो गॅलरीतून बघतो त्याचा वेगळा. आणि आपल्याकडे आरडाओरडा होतो तो गॅलरीतून.

कोंबड्यांचं सोडा, रानपक्ष्यांबाबत तरी काळजी कशाला, असं म्हणणाऱ्यांसाठी अझरबैजानचं उदाहरण आहे. २००६ च्या सुरुवातीला तिथल्या सालियान भागात एका छोट्या वस्तीत काही माणसं आजारी पडली, त्यांत तरुण मुली जास्त. घरात आजारी कोंबड्या नव्हत्या. तपासात निघालं ते असं, की परिसरात हंस मरून पडले होते आणि या मुलींनी उशा भरण्यासाठी त्यांची पिसं उपटली होती. त्या वेळी देशात एकूण आठ जणांना लागण झाली आणि पाच जणांचा मृत्यू झाला. रानपक्ष्यातून थेट माणसात विषाणू गेल्याचं हे पहिलं ठळक उदाहरण मानलं जातं. पिसं उपटायचं काम घरात कुणाच्या वाट्याला आलं होतं, हे या हकिकतीत मला विषाणूइतकंच महत्त्वाचं वाटतं.

अमेरिकेत एच५एन१ चा पहिला मानवी रुग्ण एप्रिल २०२२ मध्ये कोलोरॅडो राज्यात सापडला. तो एक कैदी होता. सुटकेआधीच्या रोजगार योजनेत त्याला एका कुक्कुटपालन केंद्रावर लागण झालेल्या कोंबड्या मारायच्या कामाला लावलं होतं. त्याला थकव्यापलीकडे फारसं काही झालं नाही, हे नशीब. दोन वर्षांनी, २०२४ च्या जुलैमध्ये, त्याच राज्यात कोंबड्या मारणाऱ्या कामगारांना पुन्हा लागण झाली. भट्टीसारख्या तापलेल्या शेडमध्ये मोठे पंखे पिसं आणि धूळ उडवत होते आणि घामाने चेहऱ्यावरचे मास्क-गॉगल जागेवर राहत नव्हते. २०२४-२५ च्या साथीत त्या देशात सत्तरच्या आसपास माणसांना लागण झाली. त्यांतले बहुतेक गोठ्यांवरचे आणि कोंबड्यांच्या शेडमधले कामगार होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कोंबड्यांची शेड कुठे आणि मोकळ्या हवेत पडलेलं एक बदक कुठे? बंद शेडमधल्या हजारो पक्ष्यांनी बाहेर टाकलेल्या विषाणूशी एका बदकाची तुलना होत नाही. माळ्याने हातमोजे न घालता एक बदक उचललं, तरी बहुतेक वेळा त्याला काही होणार नाही. हे सगळं मला मान्य आहे. पण धोका इतका किरकोळ असेल तर अध्यक्षांनी खाली येऊन स्वतःच का उचलू नये? हा प्रश्न विचारला की सभेत शांतता पसरते. जो धोका स्वतःसाठी नकोसा वाटतो, तो दुसऱ्याला देताना एकदम ‘किरकोळ’ कसा होतो, याचं उत्तर कुठल्याच विषाणुशास्त्रात नाही.

म्हणून माझा निकष साधा आहे. जे साहित्य अंगावर चढवून कार्यकारिणीचा एखादा सदस्य स्वतः तो पक्षी उचलायला तयार होईल, तेच साहित्य माळ्याला, सफाई कामगाराला, पहारेकऱ्याला द्यावं. आणि पहिल्या वेळी तरी खरोखरच एखाद्या सदस्याने उचलावं. साहित्य पुरेसं आहे की नाही, हे त्या पाच मिनिटांत जेवढं कळतं तेवढं कुठल्याही परिपत्रकातून कळत नाही.

साहित्य तरी काय अवघड आहे! पाणी आत न शिरणारे हातमोजे, नाका-तोंडावर नीट बसणारा एन-९५ मास्क, डोळे बाजूंनीही झाकणारा गॉगल, धुता येणारे गमबूट, जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या. गॉगल लोक विसरतात, पण वर सांगितल्याप्रमाणे या विषाणूला डोळा हे चांगलं दार आहे. अमेरिकेतल्या कामगारांत डोळे लाल होणं हे सर्वांत जास्त दिसलेलं लक्षण होतं. पिशवी उलटी करून हातावर चढवायची, तिच्यातूनच पक्षी धरायचा, पिशवी त्याच्यावर सुलटी ओढून घ्यायची, गाठ मारायची आणि सगळं दुसऱ्या पिशवीत घालायचं. हातमोजे काढल्यावर हात साबणाने धुवायचे. या विषाणूवर स्निग्ध आवरण असतं आणि साबण ते फोडतो, त्यामुळे इथे साधा साबण फार उपयोगी. काठावरची वाळलेली विष्ठा मात्र पानं उडवायच्या ब्लोअरने किंवा जोरदार फवाऱ्याने साफ करू नये. ती हवेत उडवून श्वासात घेण्यासारखा दुसरा मूर्खपणा नाही, आणि बागकामाची नवी यंत्रं आल्यापासून तो सर्रास होतो.

आता ‘संशयित’ या अवस्थेबद्दल. रहिवासी संघांना ही अवस्था फार सोयीची असते. ‘अजून काही सिद्ध झालेलं नाही’ हे वाक्य म्हणजे काहीच न करण्याचा परवाना. उलट बाजूचे लोक सिद्ध व्हायची वाट न पाहता निकाल देऊन मोकळे होतात. दोघांनाही सांभर सरोवराची आठवण करून द्यायला हवी. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानातल्या त्या खाऱ्या सरोवरावर अठरा हजारांहून अधिक पक्षी मेले. सुरुवातीला अनेकांच्या तोंडी बर्ड फ्लूच होता. भोपाळच्या प्रयोगशाळेत तो नसल्याचं निघालं आणि पुढे बरेलीच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेने बोट्युलिझमचं निदान केलं. या आजारात जिवाणूचं विष पक्ष्याचे स्नायू लुळे पाडतं, मान टाकली जाते. मेलेल्या पक्ष्यात जिवाणू वाढतात, अळ्या पडतात, अळ्यांत विष साठतं, त्या अळ्या खाऊन पुढचा पक्षी मरतो. अशी ती साखळी.

बर्ड फ्लूमध्ये मान लुळी पडण्याऐवजी पिळवटल्यासारखी होते, पक्षी थरथरतो, तोल जातो, डोळे धुरकट होतात, असं जाणकार सांगतात. पण हा फरक दुर्बिणीतून पाहून निदान करायच्या भानगडीत पडू नये. शिसं पोटात गेलं, कीटकनाशक पाण्यात आलं, पक्ष्यांचा कॉलरा झाला, शेवाळाचं विष झालं, तरी बदकं मरतातच. निदान घशातून आणि गुदमार्गातून घेतलेल्या नमुन्यांच्या पीसीआर चाचणीने होतं आणि त्यासाठी पक्षी ताजा लागतो. तीन दिवस उन्हात कुजलेल्या पक्ष्यातून प्रयोगशाळेला फारसं काही सांगता येत नाही. ‘बघू, अजून मरतात का’ म्हणत घालवलेले ते तीन दिवस म्हणजे निदानाची संधीच घालवणं होय.

मुद्द्याची गोष्ट पुढेच आहे. सांभरचा बोट्युलिझम असो की बर्ड फ्लू, पहिल्या दिवशी करायचं काम एकच निघतं. खात्याला कळवा, अंतर ठेवा, आणि खात्याची संमती मिळाली की मेलेले पक्षी योग्य साहित्य घालून लवकर उचला. बोट्युलिझमची साखळी तुटते ती मेलेले पक्षी हटवूनच. बर्ड फ्लूत मेलेला पक्षी पडून राहिला तर कावळे, घारी, भटकी कुत्री, मांजरं त्याला लागतात आणि विषाणू त्यांच्यात जातो. नेदरलँड्समध्ये २०२२ साली सँडविच टर्न या समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींत हजारो पक्षी मेले. तिथे मेलेले पक्षी वेळच्या वेळी उचलले गेले त्या वसाहतींत मृत्यूचं प्रमाण कमी राहिल्याचं अभ्यासकांना आढळलं. इतर कारणंही असतील, पण दिशा कळते. म्हणजे निकालाची वाट पाहण्यासारखं या टप्प्यावर काही नसतंच. संशय कृतीला पुरेसा आहे; निवाड्याला तेवढा पुरेसा नाही.

किती पक्षी मेले म्हणजे कळवायचं, हाही घोळ असतो. ब्रिटनने यावर नागरिकांना सरळ आकडे सांगितले होते: एक जरी शिकारी पक्षी किंवा घुबड मेलेलं दिसलं, तीन किंवा जास्त बदकं-हंस-कुरव, किंवा कोणत्याही जातीचे पाच, तर कळवा. आकडे तेच असावेत असं नाही, पण आकडा असावा. नाहीतर प्रत्येक जण ‘दोनच तर आहेत’ म्हणत राहतो.

कळवायचं कुणाला, इथे खरी कसोटी लागते. पक्षी रानटी म्हणून वन खातं, आजार म्हणून पशुवैद्यकीय खातं, मेलेला देह म्हणजे कचरा म्हणून नगरपालिका, माणसाला ताप आला तर आरोग्य खातं. एकाच बदकाचे चार वाटेकरी आणि चौघांपैकी प्रत्येकाला वाटतं की ते दुसऱ्याचं. जगात बहुतेक ठिकाणी हीच रड आहे. उत्तरं येईपर्यंत पक्षी तिथेच पडलेला असतो आणि मग कुणीतरी कंटाळून पुन्हा माळ्याकडेच वळतं. सरकारी यंत्रणा येईपर्यंत हात लावू नका, हा सल्ला बरोबरच आहे, पण तो देणाऱ्याने यंत्रणा किती तासांत येईल हेही सांगायला हवं. नाही सांगता आलं तर निदान फोनवरून परवानगी आणि पद्धत द्यावी, म्हणजे वसाहत साहित्य घालून पक्षी उचलून सावलीत, थंड जागी, कुणाचं तोंड लागणार नाही असा झाकून ठेवू शकते. तेवढं होईपर्यंत तिथे दोरी बांधून एक माणूस लांब उभा केला तरी पुष्कळ.

आता ज्या मागण्यांचा आवाज सगळ्यात मोठा असतो त्यांच्याकडे वळू. पक्षी हाकला, फटाके लावा, तळं उपसा, औषध फवारा. मला यांची चीड येत नाही, कारण मूल असलेल्या घरातून आलेली भीती खोटी नसते. पण यांतली एकही गोष्ट उपयोगाची नाही आणि काही तर उलट्या आहेत. पाणपक्षी हे इन्फ्लुएन्झा-ए विषाणूंचं मूळ घर आहे. या विषाणूंची नावं त्यांच्या पृष्ठभागावरच्या एच आणि एन या दोन प्रथिनांच्या प्रकारांवरून पडतात; त्या प्रकारांच्या बहुतेक जोड्या बदकांत आणि त्यांच्या भाऊबंदांत सापडतात आणि बहुतेक सौम्य असतात. घातक ठरलेला आजचा वंश मात्र १९९६ साली चीनच्या ग्वांगडाँगमध्ये पाळीव हंसात सापडलेल्या विषाणूपासून चालत आला आहे. २००५ मध्ये छिंगहाई सरोवरावर सहा हजारांहून अधिक स्थलांतरित पक्षी त्याने मारले, आणि आता तो रानपक्ष्यांबरोबर खंड ओलांडतो. म्हणजे घाण आधी माणसाने पाळलेल्या पक्ष्यांतून रानात गेली. त्याची शिक्षा तळ्यावरच्या बदकांना देण्यात न्यायही नाही आणि फायदाही नाही.

हाकललेलं बदक नाहीसं होत नाही, पुढच्या तळ्यावर उतरतं. काही जातींची बदकं विषाणू घेऊनही ठणठणीत दिसतात, त्यामुळे आपण नेमकं कुणाला हाकललं हेही कळत नाही. थकलेला, बिथरलेला पक्षी आणखी विखुरतो. रानपक्षी मारून, त्यांची पाणथळ जागा मोडून किंवा निसर्गात जंतुनाशक फवारून हा रोग आटोक्यात येत नाही, उलट नुकसान होतं, असं स्थलांतरित प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञ गटाने स्पष्ट सांगितलेलं आहे. तळ्यात ओतलेलं ब्लीचिंग मासे-बेडूक मारील आणि फोटो चांगला येईल. बाकावर, कठड्यावर, बुटांच्या तळाला ते जरूर वापरावं.

एक गोष्ट मात्र खरोखर बंद करावी, आणि साथीपुरती नव्हे, कायमची. ती म्हणजे पाव टाकणं. एरवी तळ्याच्या काठांवर पांगून चरणारे पक्षी पाव दिसला की एका कोपऱ्यात अंगाला अंग घासून गर्दी करतात, तिथेच शिटतात, तेच पाणी पितात. पाव त्यांच्या पोटालाही चांगला नाही. थंड पाण्यात हा विषाणू आठवडे टिकू शकतो, त्यामुळे त्या कोपऱ्यात आजारी पक्ष्याने सोडलेलं पुढच्या पक्ष्यापर्यंत पोचायला विशेष कष्ट पडत नाहीत. रोज सकाळी पिशवी घेऊन येणाऱ्या आजोबांना हे सांगणं जिवावर येतं हे खरं. पण तळ्यावर फटाके लावा म्हणणारेच कित्येकदा रविवारी मुलांच्या हातात पाव देऊन काठावर उभे असतात, हेही खरं.

दयाळू माणसांबद्दल लिहिताना हात अडखळतो. धडपडणारं पिल्लू पाहून ते उचलून घरी नेणारी, टबात ठेवणारी, ड्रॉपरने पाणी पाजणारी माणसं प्रत्येक वसाहतीत असतात आणि त्यांच्यामुळे वसाहती राहण्यालायक राहतात. तरीही या एका प्रसंगी त्यांनी ते करू नये. घरात आणलेला आजारी पाणपक्षी म्हणजे माळ्याचा धोका स्वयंपाकघरात आणणं. त्यातून मांजर असेल तर संपलंच. मांजरांना हा विषाणू फार लवकर लागतो. २०२३ मध्ये पोलंडमध्ये अनेक पाळीव मांजरं याने मेली. त्याच वर्षी कॅनडातल्या ओंटारिओमध्ये एक पाळीव कुत्रा मेलेला रानहंस चावून दगावला. कुत्र्याला पट्टा आणि मांजरीला घर, हे त्या दिवसांपुरते सक्तीचेच हवेत. जिवंत पण तडफडणाऱ्या पक्ष्यासाठी पशुवैद्याला बोलवावं, त्याने शक्य असेल तर त्याला शांत मरण द्यावं. तो आलाच नाही तर? तर लांबून बघत राहावं लागतं, आणि ते फार वाईट असतं. याला मला गोड तोडगा सापडलेला नाही.

घरामागे चार कोंबड्या-बदकं पाळणाऱ्यांना वेगळा निरोप हवा, कारण तळ्यावरून विषाणू माणसापर्यंत यायची सगळ्यात सोपी वाट त्यांच्या अंगणातून जाते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लुईझियानात एच५एन१ ने जो मृत्यू झाला, तो अंगणातले पाळीव पक्षी आणि रानपक्षी या दोन्हींच्या संपर्कातल्या एका वयस्कर, आधीच आजारी असलेल्या व्यक्तीचा होता. पाळीव पक्षी जाळीत, दाणापाणी छपराखाली, तळ्यावर घातलेले बूट खुराड्याबाहेर. एवढं तरी.

आणि मग मौन. ‘बाहेर कळलं तर घरांच्या किमती पडतील’ हे उघड म्हणणारे कमी, मनात असणारे पुष्कळ. त्यामुळे सूचना लागते ती अशी: ‘तांत्रिक कारणास्तव तळ्याचा परिसर तात्पुरता बंद आहे.’ तांत्रिक! अशा पाटीमुळे रहिवासी दोरी ओलांडतात, मुलं पीस उचलून आणतात, आणि खरं कळतं तेव्हा पाटी लावणाऱ्यावर पुढच्या दहा वर्षांत कुणी विश्वास ठेवत नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेने या बाबतीत शहाणपणाचा नियम केलेला आहे. रानपक्ष्यांत विषाणू सापडल्याचं एखाद्या देशाने कळवलं, तर तेवढ्यावरून त्या देशाचा कुक्कुटव्यवसायातला ‘रोगमुक्त’ दर्जा जात नाही. खरं सांगणाऱ्याला दंड बसला तर पुढच्या वेळी कुणी खरं सांगणार नाही, हे त्यांनी ओळखलं. तीच रीत तळ्याकाठी हवी. पहिला मेलेला पक्षी ज्याने पाहिला आणि कळवला, मग तो रहिवासी असो वा पहारेकरी, त्याला ‘तुलाच बरं दिसतं’ असं ऐकावं लागू नये. पाटीवर लिहावं: पाणपक्षी मेले आहेत, बर्ड फ्लूचा संशय आहे, नमुने पाठवले आहेत, निकाल अमुक दिवशी अपेक्षित आहे, हात लावू नका, दिसल्यास या क्रमांकावर सांगा. निकाल आला की तोही तिथेच लावावा, नकारार्थी असला तरी.

आता पुन्हा त्या उचलणाऱ्या माणसाकडे. ‘ते त्याचं कामच आहे’ हे वाक्य मी मानत नाही. त्याचं काम झाडांना पाणी घालणं आहे, रस्ता झाडणं आहे. संसर्गजन्य आजाराचा संशय असलेला मृतदेह हाताळणं हे वेगळं काम आहे. त्याला वेगळा मोबदला हवा, आधी समजावून सांगितलेलं हवं आणि नको म्हणायचा हक्क हवा. नको म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी नोकरी गेली तर तो हक्क नव्हता. कंत्राटदारामार्फत आलेल्या कामगाराबाबत वसाहत हात झटकते आणि कंत्राटदार वसाहतीकडे बोट दाखवतो; म्हणून करारातच हे लिहिलेलं असावं.

उचलल्यावरही काम संपत नाही. संपर्कानंतर दहा दिवस त्या माणसावर लक्ष ठेवायचं असतं: ताप, खोकला, घसा, डोळे लाल होणं. त्यातलं काही दिसलं तर त्याने थेट गर्दीच्या दवाखान्यात जाऊन रांगेत बसू नये. आधी फोन करून ‘मी मेलेले पाणपक्षी हाताळले आहेत’ हे डॉक्टरांना सांगावं, कारण हे वाक्य ऐकल्याशिवाय कुठलाही डॉक्टर साध्या फ्लूपलीकडे विचार करणार नाही. ओसेल्टामिविर हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून दोन दिवसांच्या आत मिळालं तर सर्वांत उपयोगी पडतं. आता विचार करा, रोजंदारीवरचा माणूस ताप अंगावर काढतो की दोन दिवसांच्या आत डॉक्टर गाठतो? ज्या दिवशी कामावर नाही त्या दिवसाचे पैसे नाहीत, हे माहीत असताना तो लक्षण सांगेल का? त्यामुळे या दहा दिवसांतल्या आजारपणाची रजा भरपगारी असणं हा रोगनियंत्रणाचाच भाग ठरतो, आणि गॉगलइतकाच.

शेवटचं एक काम साथ येण्याआधीचं आहे. तळ्याकाठी राबणाऱ्या सगळ्यांना दरवर्षी नेहमीच्या, माणसांच्या फ्लूची लस वसाहतीच्या खर्चाने टोचून द्यावी. ती बर्ड फ्लूपासून वाचवत नाही, हे त्यांना स्वच्छ सांगूनच. पण एकाच माणसाच्या शरीरात माणसांचा फ्लू आणि पक्ष्यांचा फ्लू एकाच वेळी शिरले, तर दोन्ही विषाणूंच्या जनुकांचे तुकडे आपसात बदलले जाऊन माणसांत सहज पसरणारा नवा विषाणू तयार होऊ शकतो. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथींचे विषाणू अशाच देवाणघेवाणीतून, पक्ष्यांची जनुकं घेऊन आले होते. ती शक्यता लस थोडी कमी करते. तळ्यातल्या कारंज्याच्या देखभालीवर वसाहत दरवर्षी जो खर्च करते, त्या यादीत ही एक ओळ सहज मावेल.